दरडीआधीचा पंचनामा

दरड कोसळल्यानंतरचे पंचनामे मी महसूल खात्याच्या नोकरीत पुष्कळ केले. दरड कोसळण्याआधीचा पंचनामा करण्याची पाळी मात्र सेवानिवृत्तीनंतर आली, आणि तीही कोणा वरिष्ठाच्या हुकुमावरून नव्हे. प्रथम तलाठी व पुढे मंडळ अधिकारी म्हणून रायगड जिल्ह्याच्या डोंगराळ मुलखात ज्याची उमेद खर्ची पडली, त्याला पावसाळ्यातील कामकाजाचा क्रम तोंडपाठ असतो. जूनच्या आरंभी नियंत्रण कक्ष सुरू व्हायचा, दरडप्रवण गावांची यादी वरून यायची, त्या यादीतील कुटुंबप्रमुखांना 'सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे' अशी नोटीस बजावून स्थळप्रतीवर सही अथवा अंगठा घ्यायचा, आणि ती प्रत दप्तरी लावून मुख्यालयी हजर राहायचे. नोटीस रीतसर होती, बजावणीही रीतसर होती. परंतु ज्याने तिच्यावर अंगठा उठवला त्याने मुसळधार पावसात घराबाहेर पडून नेमके कोणाच्या दारात उभे राहावे, म्हाताऱ्या बापाला कसे न्यावे आणि गोठ्यातील बैलांचे काय करावे, हा त्या नोटिशीचा विषयच नव्हता. तो त्या घराचा विषय होता, आणि घराला तो कधी कोणी विचारला नव्हता.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथील वाडी डोंगराखाली गडप झाली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी व केवनाळे येथेही दरडी आल्या. सावित्री जेथे उगम पावते त्या महाबळेश्वरावर चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि तो ज्या कड्यांवरून खाली उतरला त्यांच्याच एका कुशीत माझ्या थोरल्या बहिणीचे सासर असलेली तीस-पस्तीस उंबऱ्यांची वाडी आहे. वाडीचे नाव मी मुद्दाम देत नाही. धोक्याचे गाव म्हणून एकदा बोभाटा झाला की पोरांच्या सोयरिकी अडतात, ही तेथील वडीलधाऱ्यांची भीती मला सर्वस्वी रास्त वाटते. त्या वर्षी तेथे दरड आली नाही. परंतु पावसाळा सरल्यावर गुराख्यांना वरच्या आळीच्या माथ्यावरील वरकस जमिनीत चांगली दोन कासरे लांब अशी भेग आढळली. तिची पाहणी झाली, अहवाल गेला, आणि वाडी पुढच्या मृगाची वाट पाहत बसली. त्या दिवाळीत मी भाऊबीजेला गेलो असता ओटीवर जमलेल्या मंडळींतून एकजण म्हणाला, "मामा, तुम्ही कागदवाले. घरटी एक कागद करून द्या, कोणी कुठं जायचं त्याचा." बहिणीच्या नात्याने सबंध वाडी मला मामा म्हणते, 'सर्कलमामा' हे माझे तेथील पूर्ण नाव.

अशा कागदाचे छापील नमुने मजपाशी होतेच. त्यांत बहुधा एका पिशवीची जंत्री असते: विजेरी, शिट्टी, पिण्याचे पाणी, कोरडा खाऊ, औषधे, महत्त्वाची कागदपत्रे. ही जंत्री निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक आणि सातबाराचा उतारा एका जाड प्लास्टिकच्या थैलीत घालून दाराआडच्या खुंटीला टांगून ठेवणे, आणि त्या कागदांच्या छायाप्रती मुंबईतील भावाकडे पाठवणे, हे काम एका दुपारी उरकले. ते इतक्या लवकर उरकले याचाच मला संशय आला. जे काम कोणाशीही वाद न होता पुरे होते, त्याने घरातली कोणतीही खरी अडचण हलवलेली नसते.

पहिली खरी अडचण शिरगणतीची निघाली. २००५ सालच्या जुलैअखेरीस जुई, दासगाव, रोहन, कोंडीवते या महाड तालुक्यातील गावांवर दरडी आल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून मला ठाऊक आहे की ढिगाऱ्यापाशी उभा राहिलेला माणूस सर्वांत आधी जो प्रश्न विचारतो त्याला उत्तर सहसा मिळत नाही. तो प्रश्न म्हणजे, आत किती जण होते? शिधापत्रिकेवर सात नावे असतात. त्यांतले तिघे मुंबईस, एक लेक सासरी. उलट पत्रिकेवर नसलेली मेहुणी बाळंतपणाला आलेली, आणि शेजारचा पोरगा दूरचित्रवाणी पाहता पाहता तेथेच झोपलेला. यंत्राचा फाळ कोठे लावायचा आणि शोध कधी थांबवायचा, हे या गणतीवर ठरते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली. बेपत्ता मनुष्य मृत समजण्यास कायद्याने एरवी सात वर्षे लोटावी लागतात, आणि तोवर ना वारसनोंद, ना चार लक्ष रुपयांचे सानुग्रह साहाय्य. तेथे शासनाने विशेष निर्णय करून त्यांना मृत ठरवले म्हणून वाचलेल्यांची त्या यातनेतून सुटका झाली. यास्तव आमच्या कागदाच्या पहिल्या ओळीत कुटुंबप्रमुखाचे नाव नाही. पावसाळ्यात या घरात रात्री कोण कोण झोपते आणि कोणत्या खोलीत, हे तेथे पेन्सिलीने लिहिलेले असते. पेन्सिलीने अशासाठी की पाहुणा आला की ते खोडून पुन्हा लिहायचे. हे काम शाळकरी मुलींकडे दिले, आणि ते त्या इतक्या कसोशीने करतात की कोणाच्या घरी कोण मुक्कामाला आले हे हल्ली वाडीत लपून राहत नाही. त्यावरून दोन घरांत कुरबुरही झाली.

इर्शाळवाडीचा उल्लेख आणखी एका कारणाने करावा लागतो. ती वाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती. याद्या करणाऱ्यांना मी दोष देत नाही; सबंध सह्याद्रीच्या उतारांची पारख कागदावर उतरवणे हे भूवैज्ञानिकांनाही सोपे नाही. कातळावर मुरमाचा व तांबड्या मातीचा जो थर चढलेला असतो, त्यात आषाढाचे पाणी मुरत जाते, खालचा कातळ ते पुढे सोडत नाही, माती पाण्याने जड होते आणि कातळावरची तिची पकड सुटते. पण ही पकड कोणत्या उतारावर, कोणत्या दिवशी सुटेल हे कोणीही सांगू शकत नाही. हवामान खात्याचा लाल इशारा येतो तो उरणच्या किनाऱ्यापासून पोलादपूरच्या घाटापर्यंत साऱ्या जिल्ह्याला मिळून. म्हणून घराजवळ स्वतःचे असे काही मोजमाप असावे लागते. महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झाला की दप्तरी ती अतिवृष्टी; या मुलखात तेवढा पाऊस आषाढातल्या कोणत्याही दिवशी पडतो आणि कोणी त्याची वार्ताही करीत नाही. हवामानशास्त्राच्या परिभाषेत ११५ मिलिमीटरच्या वर 'अति मुसळधार' आणि २०४ च्या वर 'अत्यंत मुसळधार' असे दोन टप्पे आहेत. वाडीत मिलिमीटर कोणी मोजत नाही; वीत मात्र प्रत्येकाच्या हाताला आहे. तेलाचा सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा, वरचे झाकण कापून, पागोळ्यांपासून दूर उघड्यावर ठेवला आणि रोज सकाळी रिकामा केला, तर त्यात अर्धी वीत पाणी म्हणजे पहिला टप्पा आणि पुरी वीत म्हणजे दुसरा ओलांडला, असा हिशेब सहज बसतो. आम्ही ठरवले ते असे: लागोपाठ दोन दिवस भरपूर पाऊस होऊन तिसऱ्या दिवशी दुपारीच डबा अर्ध्या वितीला लागला, तर वरच्या आळीने दिवेलागणीच्या आत घर सोडायचे. पुरी वीत भरण्याची वाट पाहायची नाही.

दिवेलागणीची अट म्हाताऱ्यांनी घातली. तळीयेची दरड दिवसाची, २०१४ साली गेलेल्या माळीणची सकाळची, इर्शाळवाडीची रात्रीची; दरडीला वेळकाळ नाही. परंतु अंधारात, निसरड्या पाणंदीने, कडेवर मूल घेऊन उतरणाऱ्या बाईला दरडीखेरीज आणखी शंभर धोके असतात, हे त्यांना दिसत होते. भेगेव्यतिरिक्त जी लक्षणे पाहायची तीही बहुतेक त्यांनीच सांगितली: एरवी निवळ असणाऱ्या झऱ्याला अचानक तांबडे पाणी येणे, भर पावसात पऱ्याचा ओघ एकाएकी कमी होणे (म्हणजे वर कोठे तरी माती आडवी आली), ताठ उभा ऐन कलणे, कालपर्यंत सहज लागणारे दार आज चौकटीत अडकणे. यांतले एकही लक्षण दिसले तर डब्याकडे पाहायचे नाही, निघायचे. मी हे सारे लिहून घेत असता भूशास्त्राच्या पुस्तिकांशी ते इतके जुळत गेले की मला माझ्या पुस्तिका पिशवीतून बाहेर काढण्याचा संकोच वाटला.

एवढे झाल्यावर कागद पुरा होईल अशी माझी कल्पना होती, आणि खरा कागद तेथूनच सुरू झाला. कारण डबा अर्ध्या वितीला लागला, हे पाहील कोण आणि निघायचे असे ठरवील कोण? पोलादपुराकडची वाडी म्हणजे पावसाळ्यात बायका, मुले आणि म्हातारी माणसे यांची वाडी. कर्ते पुरुष मुंबईस नोकरीधंद्यात, येणे शिमग्याला आणि गणपतीला. जुलैत भाताची लावणी तोंडावर असते, आणि ज्या आठवड्यात डोंगर अधिकात अधिक भिजतो त्याच आठवड्यात घरातली प्रत्येक धडधाकट बाई चोंढ्यात वाकलेली असते. वरच्या आळीतील एका तरुण सुनेला मी विचारले, की असा पाऊस लागला तर तुम्ही निघाल ना? ती बराच वेळ पदराचे टोक पिळत राहिली आणि मग म्हणाली, "त्यांना इचारल्याबिगर घराला कुलूप कसं लावू, मामा? उद्या काय झालं न्हाई तर मलाच बोल लागंल." आणि 'त्यांना' विचारावे तर अशा पावसात मोबाईलचा मनोरा सर्वांत आधी बंद पडतो.

आपत्तीविषयी मी जे काही वाचले-ऐकले आहे, त्यात या वाक्याइतके मोलाचे दुसरे काही नाही. माणसे अज्ञानामुळे घरात बसून राहतात असे आपण गृहीत धरतो आणि व्याख्याने देतो. ती बाई अजाण नव्हती. भेग तिने स्वतः पाहिली होती. तिला भय होते ते निघाल्यानंतर काहीच न घडण्याचे. डोंगर आला तर ती शहाणी ठरणार होती. पण डोंगर दहा वेळांत नऊ वेळा येत नाही, आणि त्या नऊ वेळांचा जाब तिला द्यावा लागणार होता: लावणी खोळंबली, दुभत्या म्हशीची धार चुकली, लोकांच्या दारात जाऊन बसली, घर उघडे टाकले. ज्याच्यापाशी अधिकार नाही त्याला चुकीचा इशारा परवडत नाही, आणि दरडीच्या बाबतीत बहुतेक इशारे चुकीचेच निघणार, हे तर आरंभीच धरून चालावे लागते.

तेव्हा पुढील शिमग्याला, पुरुष घरी असताना, मी घरोघर एक मुखत्यारपत्र लिहून घेतले. शब्द साधे होते: पावसाच्या दिवसांत घर सोडण्याविषयी घरात असलेली अमुक व्यक्ती जे ठरवील ते मला मान्य आहे, मला विचारण्याची जरूर नाही, होणाऱ्या नुकसानीबद्दल मी तिला बोल लावणार नाही. एकाने हसून विचारले, "स्टँपपेपर आणू काय, मामा?" दुसऱ्याला अंतिम कलम खटकले, नुकसानीचा विषय लिहिण्याची काय गरज, घरातल्या घरात समजून घेऊ, असे तो म्हणाला. मी ते कलम काढले नाही, कारण सबंध कागदात तेच एक कलम कामाचे होते. सही करताना तो आपल्या बायकोकडे न पाहता माझ्याकडेच पाहत होता. अवघड प्रसंग उद्भवला तो सासवांच्या ठिकाणी. मुलगा मुंबईस असला की घराची मुखत्यारी आईकडे जाते, सुनेकडे नव्हे, आणि ही परंपरा मी एका कागदाने मोडू पाहत आहे असे दोघी-तिघींना वाटले. तो पेच माझ्या बहिणीने सोडवला. तिला ऐकू कमी येते, गुडघे धरतात, चोंढ्याकडे तिचे जाणे होत नाही, तिने ओटीवर सर्वांदेखत सांगितले, "ठरवायचं सुनंनं. आणि फुकटचा फेरा झाला तर बोल माझ्या माथी." ठराव करणारी एक आणि दोष घेणारी दुसरी, अशी ही वाटणी कोणत्याही नियमपुस्तकात मला सापडली नसती. इतर घरांनी ती तशीच उचलली.

कोठे जायचे, याचे उत्तर छापील नमुन्यात 'जवळची शाळा अथवा समाजमंदिर' असे असते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गेले आणि दीडशे माणसे त्यात गेली, त्या गावात शाळेची इमारत मात्र वाचली होती, हे खरे. पण त्यावरून शाळा नावाच्या वास्तूला डोंगराने अभय दिले आहे असे होत नाही. आमच्या वाडीची शाळा पऱ्याच्या तोंडाशीच, सपाट जागा तेवढीच मिळाली म्हणून बांधलेली, आणि दरडीचा चिखल पाण्याच्याच वाटेने उतरतो. तिच्याकडे जाताना साकव ओलांडावा लागतो, जो पहिल्या मोठ्या पावसात पाण्याखाली असतो. शाळा आम्ही खोडली. मग राहिले सोयरे. दरीच्या पलीकडे रुंद माळावर जी गावे आहेत तेथे या वाडीच्या लेकी दिलेल्या आहेत, तेथूनच सुना आणलेल्या आहेत. प्रत्येक घराला तेथे एखादे तरी दार होते. परंतु या सोयीतही एक काटा होता. माहेरी जाणे सुनेला गोड. पण लेकीच्या सासरी आईबापांनी रात्र रात्र राहणे, तेथले अन्न खाणे, हे जुन्या मंडळींना आजही मरणाहून थोडेच कमी. पहिल्या पावसाळ्यात डबा अर्ध्या वितीला लागला तेव्हा काही घरे निघाली आणि काही निघाली नाहीत, आणि न निघालेल्यांत लेकीवाचून दुसरा सोयरा नसलेलीच घरे अधिक होती.

त्या खेपेला दोन रात्री जाऊन माणसे परत आली. ऊन पडले होते, डोंगर जेथल्या तेथे होता. मागे राहिलेल्यांनी त्यांचे स्वागत केले ते असे: "कुठं हुतात? डोंगर इचारत हुता तुम्हांला." ही चेष्टा निर्विष होती, तरी तिने त्या पावसाळ्यात दुसऱ्यांदा एकही घर हलले नाही.

उपाय सुचला तो एका म्हाताऱ्या गृहस्थांना, ज्यांनी आयुष्यभर वाडीचे देणेघेणे सांभाळले होते. ते म्हणाले, जेवायला जाणारा मिंधा होतो. स्वतःचे धान्य खाणारा होत नाही. तेव्हापासून प्रत्येक घर वैशाखात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, आपल्या ठरलेल्या सोयऱ्याकडे पायली-दोन पायली तांदूळ, थोडी नाचणी, सुके मासे आणि मीठमिरची नेऊन ठेवते. पावसाळ्यात उपयोग झाला तर झाला. न झाला तर गणपतीत त्याच तांदळाचे मोदक त्याच घरी होतात आणि दोन्ही घरची पोरे ते खातात. ज्या दिवशी लेकीच्या फडताळात आपला शिधा गेला त्या दिवसापासून जुनी मंडळी लेकीकडे जाऊ लागली, आणि जाणे हे पळणे न राहता पाहुणचार झाले. फेरा फुकट गेला तरी त्यात आता कोणाची मान खाली जात नाही. इर्शाळवाडीनंतर चेष्टाही थांबली, हे खरे; पण भयावर मी फार विसंबत नाही. २००५ चे भय मी नोकरीतच विरत जाताना पाहिले आहे.

गुरांचा प्रश्न त्या मानाने थोडक्यात सुटला, कारण त्यात मानापमान नव्हता. गुरे घेऊन उतरणे शक्य नाही. बांधून ठेवणे म्हणजे मारणे. मोकळे सोडलेले जनावर पुष्कळदा धोक्यातून आपण होऊन बाजूला होते. म्हणून मृगापासून हस्तापर्यंत गोठ्यातली प्रत्येक दावण निरगाठीऐवजी सुरगाठीने बांधायची, म्हणजे भिजलेल्या काथ्याशी झुंजत न बसता एका हिसक्यात ती सुटते. आणि घर सोडताना गोठ्याचे दार उघडून तेथे दगड लावायचा. सुरगाठ मारण्याचे काम पोरांनी खेळासारखे घेतले. बैल भाताच्या रोपात शिरले तर काय, हा वाद मात्र दर वर्षी होतो. त्यावर माझे मत विचारले तर मी गप्प बसतो. बैल माझे नाहीत, भातही माझे नाही.

परत केव्हा यायचे, याविषयी कागदात दोन ओळी आहेत आणि त्यांचे पालन धड होत नाही. पाऊस थांबला म्हणजे डोंगर कोरडा झाला असे नसते. मुरलेले पाणी आतल्या आत उतरत राहते. म्हणून एक पूर्ण दिवस आणि एक रात्र उघडीप गेल्यावर, दोघांनी उजेडी जाऊन भेगेच्या दोन्ही अंगांना ठोकलेल्या खुंट्यांमधील अंतर मोजायचे, झरा पाहायचा, आणि मग निरोप द्यायचा, असे ठरले आहे. पण रोप वयात आले की लावणी थांबत नाही. बायका दुसऱ्याच सकाळी दरी ओलांडून चोंढ्यात उतरतात. अडवणे माझ्या अधिकारात नाही आणि अडवण्याजोगा पर्यायही माझ्यापाशी नाही, कारण एका हंगामाचे भात गेले तर त्या घराला पुढच्या वर्षी सोयऱ्याकडे ठेवायला शिधाही उरणार नाही. तडजोड झाली ती अशी: वरच्या आळीलगतच्या शेतात लावणी चालू असता समोरच्या उतारावर एकाने थाळा घेऊन बसायचे, आणि अंधार पडण्यापूर्वी सर्वांनी पुन्हा पलीकडे. घरात झोपायचे नाही, चूल पेटवायची नाही. चूल पेटली की माणूस राहतोच. हे पाळले जाते, निदान माझी बहीण पाळायला लावते.

वरच्या आळीची पाच घरे तेथून कायमची हलली पाहिजेत, याविषयी कोणाचा मतभेद नाही, आणि घरटी केलेल्या या कागदाने ती गरज तसूभरही कमी होत नाही. माळीणच्या नव्या वसाहतीत लोक राहायला गेले ते २०१७ साली. एवढ्या मोठ्या दुर्घटनेनंतरही तीन पावसाळे मधे गेलेच. आमच्या पाच घरांसाठी जागेचा शोध चालू आहे, गायरान आणि वनजमीन यांच्या हद्दीवर तो अडला आहे, आणि त्या कागदांचा पाठपुरावा हेच हल्ली माझे मुख्य काम आहे. दरम्यान आषाढ दर वर्षी येतो.

त्या पाचांतील एका घरात नव्वदीच्या घरातले आजोबा आहेत. कागदावर त्यांच्या नावापुढे पहिल्या वर्षी 'येणार नाही म्हणतात' असे मी त्यांच्या सांगण्यावरून लिहिले होते, आणि त्याखाली त्यांना डोलीत घालून नेणाऱ्या चार जणांची नावेही लिहिली होती, ती त्यांच्या नकळत. डोलीत त्यांना बसवता येते, पण तेथे गेल्यावर जमिनीवर अंथरलेल्या वाकळेवर त्यांना झोप लागत नाही, कंबर धरते, आणि रात्रभर ते घरी न्या म्हणून कटकट करतात, अशी सुनेची तक्रार होती. यंदा वैशाखात तिने शिध्याबरोबर त्यांची सुंभाची बाजही नणंदेच्या घरी पोचती केली. आजोबांनी विचारले, बाज कुठे गेली. ती म्हणाली, पलीकडे. चार महिने ते आपल्या घरी खाली वाकळेवर झोपले आणि कुरकुर केली. डबा भरला त्या दुपारी डोलीत सर्वांच्या आधी तेच जाऊन बसले.